वास, औषध आणि अपील: दारूबंदीच्या एका शिक्षेने कायदा कसा बदलला

१. तोंडाला मद्याचा वास येतो, एवढ्यावरून माणसाला तुरुंगात पाठवता येते का? तो वास औषधाचा की दारूचा, हे कोणी सिद्ध करायचे? आरोपीने, की सरकारने? सुमारे सत्तर वर्षांपूर्वी मुंबईतील एका सरकारी अधिकाऱ्याच्या अपिलातून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या निकालाला सरकारने कायदा बदलून उत्तर दिले, आणि तो बदललेला कायदा यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकीसारख्या गावांपर्यंत पोचला. त्या प्रवासाचा हा धागा.

२. आधी ढाणकीचा भूगोल. उमरखेड तालुक्यातील हे गाव आज नगरपंचायतीचे आहे. दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे नांदेड जिल्हा लागतो. आज ही केवळ जिल्ह्याची हद्द आहे; पूर्वी ती दोन राज्यव्यवस्थांची हद्द होती. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी कारभाराखाली आले आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडले गेले. पैलतीरावर निजामाची सत्ता होती. स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत अलीकडचा काठ मध्य प्रदेशात आणि पलीकडचा हैदराबाद राज्यात राहिला.

३. राज्ये वेगळी, म्हणून दारूचे कायदेही वेगळे. अलीकडे मध्य प्रांताचा १९१५चा अबकारी कायदा होता. त्याच्या जोडीला १९३८चा दारूबंदी कायदाही होता, पण तो ठरावीक भागांपुरताच लागू केला जाई. पलीकडे हैदराबादचा १३१६ फसलीचा अबकारी कायदा चाले. दूर मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा होता, आणि ठाणे-कुलाब्याकडे मोहफुले बाळगण्यावर निर्बंध घालणारा १८९२चा स्वतंत्र कायदाही होता. अबकारी कायद्यांचा मुख्य हेतू महसूल हा होता. दारू कोणी गाळावी आणि कोणी विकावी हे ठरवून त्यावर कर घ्यायचा. पिणारा त्यांच्या दृष्टीने गुन्हेगार नव्हता, तो महसुलाचा आधार होता.

४. दारूबंदीने हा दृष्टिकोन उलटा केला. राष्ट्रीय चळवळीत दारूच्या दुकानांपुढील निरोधन हा मोठा कार्यक्रम होता. प्रांतिक स्वायत्ततेनंतर सत्तेवर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली. पण मंत्रिमंडळ गेले आणि ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला. एप्रिल १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. नव्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्येही मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व होते.

५. या कायद्याची खरी धार त्यातील व्याख्येत होती. ‘मद्य’ म्हणजे केवळ ताडी, बिअर किंवा ब्रँडी नव्हे. अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रवपदार्थ त्यात येत होता. खोकल्याचे औषध, शक्तिवर्धक टॉनिक, अंगाला लावायचे सुगंधी पाणी, सारे एकाच जाळ्यात. वैद्याकडील आसवे आणि अरिष्टे आंबवून तयार होतात, म्हणून त्यांतही अल्कोहोल असते. कलम १३ ने अशा द्रवाचे सेवन निषिद्ध केले आणि कलम ६६ (ब) ने त्यासाठी शिक्षा ठेवली.

६. या व्याख्येला पहिले मोठे आव्हान फ्रॅम नसरवानजी बलसारा यांनी दिले. त्यांच्यावर कोणताही खटला नव्हता. आपल्याला व्हिस्की, ब्रँडी, वाइन, तसेच औषधी मद्य आणि कोलनवॉटर बाळगण्याचा व वापरण्याचा नागरिक म्हणून हक्क आहे, असे सांगत ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे काही अंशी मान्य केले. दोन्ही बाजू असमाधानी राहिल्या आणि प्रकरण दिल्लीला गेले.

७. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलसारा प्रकरणाचा निकाल दिला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार आणि कायद्याचा मुख्य गाभा दोन्ही टिकले. मात्र अल्कोहोलयुक्त औषधे आणि प्रसाधने यांचे सेवन, वापर किंवा बाळगणे यांवरील बंदी अवाजवी ठरली. मालमत्ता बाळगण्याचा त्या काळी मूलभूत असलेला हक्क तिच्याआड येत होता. तेवढ्यापुरती संबंधित कलमे शून्यवत ठरवण्यात आली. कायद्याच्या मजकुरातील एकही अक्षर खोडले गेले नाही. त्यातून एक अर्थ वजा झाला. पुढचा सारा वाद या वजाबाकीभोवती झाला.

८. निकालाला चार दिवस झाले होते. २९ मे १९५१, रात्री साडेनऊचा सुमार. कुलाबा बस स्थानकाच्या दिशेने निघालेल्या एका जीपने तीन पादचाऱ्यांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम खुर्शेद पेसिकाका. रस्त्यावरील वाहनांना शिस्त लावणे हेच त्यांचे काम होते: ते मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी होते. पोलिसांनी त्यांना अटक केली, ठाण्यात नेले आणि मद्यप्राशन केले आहे का, हे तपासण्यासाठी सेंट जॉर्ज रुग्णालयात पाठवले.

९. डॉक्टरांनी जे पाहिले ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. श्वासाला अल्कोहोलचा वास होता. डोळे लालसर होते, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या होत्या, पण प्रकाशाला प्रतिसाद देत होत्या. बोलणे सुसंगत होते. सरळ रेषेत चालता येत होते. निष्कर्ष असा: या माणसाने कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अल्कोहोल घेतले आहे, पण तो नशेच्या अंमलाखाली दिसत नाही. ‘कोणत्या ना कोणत्या स्वरूपात’ या शब्दांनी पुढे तीन वर्षे न्यायाधीशांना कामाला लावले.

१०. खटला प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे चालला. हयगयीने वाहन चालवून दुखापत केल्याचे आरोप होते, आणि दारूबंदी कायद्याचे कलम ६६ (ब) होते. पेसिकाकांचे म्हणणे असे की आपण दारू घेतलेली नाही, ‘बी. जी. फॉस’ नावाचे टॉनिक घेतले आहे आणि त्यात थोडे अल्कोहोल असते. मॅजिस्ट्रेटने त्यांना निर्दोष सोडले. वास औषधाचाही असू शकतो, आणि औषध घेणे आता गुन्हा राहिलेला नाही, मग गुन्हा सिद्ध झाला कसा म्हणायचा?

११. सरकारने या सुटकेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केले. अपील म्हटले की शिक्षा झालेला आरोपी डोळ्यांपुढे येतो. पण आपल्या फौजदारी प्रक्रियेत निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारलाही अपील करता येते. उच्च न्यायालयाने दारूबंदीच्या आरोपावरील निकाल फिरवला. अल्कोहोल घेतल्याचे दिसते. ते सवलतीतील औषध होते असे आरोपीचे म्हणणे असेल तर त्याने ते सिद्ध करावे, आणि त्याने ते केलेले नाही, अशी ती भूमिका होती. एक महिन्याची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड ठोठावण्यात आला. सरकारी अधिकाऱ्याला नोकरीच्या दृष्टीने हा एक महिना किती जड, हे सांगायला नको.

१२. दोन न्यायालयांपुढचा पुरावा एकच होता, तरी निकाल उलटे लागले. फरक पडला तो शाबितीच्या जबाबदारीमुळे, म्हणजे एखादी गोष्ट सिद्ध करण्याचे ओझे कोणावर टाकायचे या प्रश्नामुळे. सामान्य नियम असा की गुन्ह्याचे सर्व घटक सरकार पक्षाने सिद्ध करायचे; शंका उरली तर तिचा फायदा आरोपीला मिळतो. मात्र त्या काळच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ नुसार, आपले प्रकरण कायद्यातील अपवादात बसते असे म्हणणाऱ्या आरोपीला तो अपवाद दाखवून द्यावा लागे. मग ‘औषध’ हा अपवाद आहे, की ‘औषध नसणे’ हा गुन्ह्याचाच घटक आहे?

१३. पेसिकाका अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. तीन न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली: नटवरलाल भगवती, बी. जगन्नाथदास आणि टी. एल. वेंकटरामा अय्यर. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांची मते वेगवेगळी पडली. वाद आता टॉनिकपुरता राहिला नव्हता. मूलभूत हक्काशी विसंगत म्हणून एखादे कलम अंशतः शून्यवत ठरले, तर त्या अंशाचे नेमके काय होते? राज्यघटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५ (३) नुसार किमान पाच न्यायमूर्ती बसावे लागतात. म्हणून हा प्रश्न घटनापीठापुढे ठेवण्यात आला.

१४. सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांनी बहुमताचे मत मांडले, बी. के. मुखर्जी, व्हिव्हियन बोस आणि गुलाम हसन हे न्यायमूर्ती त्यांच्या बाजूला होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता. बलसारा निकालाने कायद्यात नवा अपवाद घातलेला नाही. अपवाद घालणे हे विधिमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे. न्यायालयाने फक्त एवढेच सांगितले की नागरिकांच्या हक्कांचा विचार करताना कलमाचा तेवढा भाग पुसला गेला आहे असे समजून चालावे. जो भाग उरला तोच गुन्हा. त्यामुळे आरोपीने घेतलेले अल्कोहोल निषिद्ध प्रकारचे होते, हे सरकार पक्षानेच सिद्ध केले पाहिजे.

१५. न्यायमूर्ती सुधी रंजन दास यांनी भिन्नमत नोंदवले, आणि ते समजून घेतल्याशिवाय वादाचे वजन कळत नाही. त्यांच्या मते कलम पुस्तकात जसेच्या तसे होते. बलसारा निकालाने नागरिकाला बचावाचे एक साधन दिले. ते वापरायचे तर आधारही त्यानेच द्यायला हवा. व्यवहारात या मताला बळ होते. आपण काय प्यायलो हे पिणाऱ्यालाच नक्की ठाऊक असते. सरकारने प्रत्येक आरोपीच्या पोटात काय गेले याचा शोध कसा घ्यायचा? दारूबंदीची अंमलबजावणी करणाऱ्या पोलीस शिपायापुढे हाच प्रश्न रोज उभा होता.

१६. महाजन यांनी आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. मूलभूत हक्क व्यक्तीच्या लाभासाठी आहेत, मग व्यक्तीने ते सोडून दिले तर चालेल, असा विचार या प्रकरणात पुढे आला होता. महाजन यांनी तो नाकारला. हे हक्क राज्यघटनेत सार्वजनिक धोरण म्हणून आले आहेत. एखाद्या नागरिकाने ‘मला नको’ म्हटल्याने राज्याला शून्यवत कायदा वापरता येत नाही. हाच प्रश्न १९५८ साली बशेशर नाथ यांच्या आयकर प्रकरणात पुन्हा आला, आणि कायद्यापुढील समानतेचा हक्क सोडून देता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

१७. सप्टेंबर १९५४ मध्ये पेसिकाकांची शिक्षा रद्द झाली. त्यांनी दारू घेतलीच नव्हती असे न्यायालयाने म्हटले नाही, टॉनिकची कथा खरी असल्याचेही प्रमाणपत्र दिले नाही. न्यायालयाने एवढेच पाहिले की वास आणि लाल डोळे हे अल्कोहोलचे पुरावे आहेत, निषिद्ध अल्कोहोलचे नव्हेत. आणि मधली दरी आरोपीच्या मौनाने भरून काढता येत नाही. रस्त्यावर जखमी झालेल्या तिघांचा प्रश्न या निकालात नव्हता. अपिलात फक्त दारूबंदीचे कलम होते.

१८. सरकारपुढे आता खरी अडचण होती. १९५२ साली दुरुस्ती करून कलम २४-अ घालण्यात आले आणि नशेसाठी वापरता येणार नाहीत अशी औषधे व प्रसाधने बंदीतून वगळण्यात आली होती. पण सेवनाचा गुन्हा सिद्ध करण्याचा मार्ग पेसिकाका निकालानंतर अरुंद झाला. ‘औषध घेतले होते’ हे तीन शब्द कोणताही आरोपी उच्चारू शकत होता. यावर तोडगा काढायचा तर वासाऐवजी मोजता येईल असा पुरावा हवा होता. तो रक्तात सापडणार होता.

१९. दरम्यान नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले आणि पैनगंगेचे दोन्ही काठ एका राज्यात आले. दारूचे कायदे मात्र जुन्याच हद्दींप्रमाणे वेगळे राहिले. ते एक करण्यासाठी १९५९चा अधिनियम क्रमांक १२ आला. ‘विस्तार आणि सुधारणा’ अशी दोन्ही कामे त्याच्या नावातच होती. विस्तार म्हणजे १९४९चा दारूबंदी कायदा राज्याच्या नव्या भागांना लागू करणे. सुधारणा म्हणजे पेसिकाका निकालाने उघडी पडलेली फट बुजवणे. म्हणजे ढाणकीला मुंबईचा दारूबंदी कायदा मिळाला तो मुळातल्या रूपात नव्हे. एका अपिलाला दिलेले उत्तर आत शिवूनच तो आला.

२०. ते उत्तर कलम ६६ (२) मध्ये आहे. आरोपीच्या रक्तात अल्कोहोलचे प्रमाण ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक आढळले, तर मात्र आपण घेतलेले द्रव्य औषध किंवा तत्सम वैध पदार्थ होते, हे आरोपीने सिद्ध करायचे. शाबितीची जबाबदारी उलटते, पण आधी सरकारने वैज्ञानिक पुरावा द्यायचा. जोडीला कलमे १२९-अ आणि १२९-ब आली: संशयिताला नोंदणीकृत डॉक्टरपुढे नेणे, रक्त घेणे, रासायनिक परीक्षकाचा अहवाल. १९५९च्याच नियमांनी रक्त किती घ्यायचे, कुपी कशी निर्जंतुक करायची, मोहोर कशी लावायची आणि नमुना किती दिवसांत पोचवायचा, हे ठरवून दिले. पुढच्या अनेक अपिलांत वाद याच तपशिलांवर झाले.

२१. त्यांतले एक गाजलेले अपील खानदेशातून आले: उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. एप्रिल १९६१ मधील वाहन अपघातानंतर चालकाच्या रक्ताची तपासणी झाली आणि एरंडोलच्या मॅजिस्ट्रेटने त्याला दोषी धरले. नमुना कोणाच्या ताब्यात होता, कसा पोचला, याबाबतचा पुरावा अपुरा दिसल्यावर सत्र न्यायालयाने खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सरकार पक्षाच्या त्रुटी भरून काढण्यासाठी फेरखटला नसतो; तो अपवादात्मक परिस्थितीतच द्यावा. गरज असेल तर अपिलाच्या न्यायालयाने जादा पुरावा घ्यावा. फेरखटल्याच्या मर्यादा सांगताना वकील आजही या निकालाचा आधार घेतात. त्याच निकालाने सरकारच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली: मद्यसेवन सिद्ध करण्याचा मार्ग केवळ कलम १२९-अ पुरता मर्यादित नाही.

२२. १९७१ साली बचूभाई हसनअली कारयानी यांच्या अपिलात जुना प्रश्न पुन्हा आला. हेही प्रकरण वाहन अपघातातून उद्भवलेले. डॉक्टरांनी श्वासाचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या नोंदवल्या होत्या. रक्ततपासणीचा अहवाल मात्र न्यायालयापुढे नव्हता. आरोपीने दारू घेतली होती, हे एवढ्या लक्षणांवरून सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. वीस वर्षांपूर्वी कुलाब्याच्या रस्त्यावर सुरू झालेली चर्चा अशी निकालागणिक पक्की होत गेली.

२३. ढाणकीच्या परिसरात या कायद्याची रोजची भेट जीप आणि टॉनिक यांच्याशी नव्हे, मोहाशी होते. पैनगंगेच्या खोऱ्यातील जंगलात मोहाची झाडे आहेत, आणि मोहफूल हे आदिवासी कुटुंबांचे अन्न, विक्रीचा माल आणि सणासमारंभाचे पेयही आहे. यवतमाळ जिल्ह्यातीलच पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. त्याच सुमारास राज्यातील बंदी परवान्यांच्या मार्गाने सैल झाली. १९७३च्या नियमांनी देशी दारूचा परवानाधारक व्यापार बांधून दिला. पण १९४९चा कायदा रद्द झाला नाही. परवान्याची बाटली वैध झाली आणि हातभट्टी गुन्हाच राहिली. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर पूर्ण दारूबंदी आहे.

२४. हातभट्टीच्या खटल्यात पुराव्याचे स्वरूप वेगळे असते. मोहफुलांचा सडवा, रसायनाचे डबे, गाळण्याचे साहित्य, पंचनामा, मोहोरबंद नमुना, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. येथे कायदा सुरुवातीपासूनच आरोपीवर काही ओझे टाकतो: मादक द्रव्य किंवा भट्टीचे साहित्य ताब्यात सापडले आणि समाधानकारक खुलासा नसेल, तर कलम १०३ खाली गुन्ह्याचे अनुमान काढता येते. पण ते अनुमान उभे राहण्यापूर्वी ताबा सिद्ध व्हावा लागतो. उघड्यावरच्या ओढ्याकाठी सापडलेला डबा कोणाचा? पंच जागेवर होते का? जागीच मोहोरबंद केलेला नमुनाच प्रयोगशाळेत पोचला का? पेसिकाका निकालाची शिस्त येथेही लागू होते: आधी सरकारने आपला भाग सिद्ध करायचा, मग आरोपीला उत्तर विचारायचे.

२५. अशा प्रकरणात शिक्षा झाली तर पुढचा मार्ग कसा असतो? उमरखेडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध पहिले अपील सत्र न्यायालयात, म्हणजे पुसदला. मुदत तीस दिवसांची. अपील चालू असताना शिक्षा स्थगित ठेवून जामीन मागता येतो. सत्र न्यायालय पुरावा नव्याने तोलते, शिक्षा रद्द करू शकते, बदलू शकते. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पुनरीक्षण अर्ज. ते दुसरे अपील नव्हे. तेथे निर्णयाची वैधता आणि रीतसरपणा पाहिला जातो. त्यापुढे दिल्ली, आणि तेथे लहान शिक्षेसाठी पेसिकाकांप्रमाणे विशेष अनुमतीच घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले, पण मार्ग बहुतांशी तोच राहिला.

२६. या मार्गाच्या पहिल्याच पायरीवर दोन दारे बंद होऊ शकतात. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी केवळ शंभर रुपयांपर्यंतचा दंड केला असेल, तर त्यावर अपील नाही. आणि आरोपीने गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली असेल, तर दोषी ठरवण्याविरुद्ध अपील करता येत नाही. फक्त शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता यांवर दाद मागता येते. मजुरी बुडवून तारखांना जाण्यापेक्षा ‘कबूल आहे’ म्हणून दंड भरणे माणसाला सोयीचे वाटते. मग पंचनामा खरा होता का, नमुना कोणाचा होता, हे प्रश्न कोणी विचारतच नाही. पुढच्या प्रकरणात मात्र मागील शिक्षेची नोंद समोर येते, आणि दुसऱ्यांदा गुन्हा करणाऱ्याला हा कायदा अधिक कठोर शिक्षा देतो.

२७. म्हणून विधी साहाय्याची तरतूद येथे महत्त्वाची ठरते. अनुच्छेद ३९-अ आणि १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा यांनुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तालुका पातळीवर त्यासाठी विधी सेवा समिती असते. कबुली देण्यापूर्वी एकदा वकिलाशी बोलणे, एवढ्या एका गोष्टीवर पुढचे सगळे अपील अवलंबून असते.

२८. दारूमुळे उद्ध्वस्त झालेल्या घरांचे दुःख खरे आहे, आणि बाटली आडवी करण्यासाठी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांनी दिलेला लढाही खरा आहे. पेसिकाका निकाल त्या लढ्याच्या विरोधात नाही. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार बलसारा निकालाने मान्य केला होता आणि तो पुढेही अबाधित राहिला. बलसारा निकाल ज्यावर उभा होता तो मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने गेला. कायद्याचे नावही बदलून ‘महाराष्ट्र दारूबंदी कायदा’ झाले. टिकला तो पुराव्याचा नियम.

२९. एक महिन्याच्या शिक्षेविरुद्ध केलेल्या एका अपिलाने सरकारला कायदा बदलायला लावला. संशयाच्या जागी मोजमाप आले, शिपायाच्या नाकाच्या जागी मोहोरबंद कुपी आली. पेसिकाकांकडे दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत होती. बहुतेकांकडे ती नसते. पण त्यांच्या अपिलातून निघालेला नियम वापरायला दिल्लीला जावे लागत नाही. उमरखेडच्या न्यायालयात, पहिल्याच तारखेला, ‘हे सरकारने सिद्ध करावे’ असे म्हणण्याचा हक्क ढाणकीच्या माणसालाही तितकाच आहे.